वस्त्राचा धर्म

॥ राम कृष्ण हरि ॥

सज्जनहो, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक आपल्यापैकी पुष्कळांना मुखोद्गत आहे. जुने झालेले वस्त्र टाकून माणूस जसे दुसरे घेतो, तसा देही जीर्ण शरीर टाकून दुसरे शरीर घेतो, असा त्याचा भाव. कोणाच्या घरी दुःख झाले म्हणजे आपण जातो, हा श्लोक सांगतो, डोळे पुसतो आणि उठतो. त्यात आत्म्याचा विचार होतो, देहाचाही होतो. पण भगवंतांनी दृष्टांतासाठी जे हाती घेतले, त्या वस्त्राचा विचार मात्र राहून जातो. सोन्याचा दृष्टांत दिला असता तर ज्याने सोने पाहिले नाही त्याला तो कळला नसता. वस्त्र राजाच्या अंगावर आहे आणि मोळीविक्याच्याही अंगावर आहे. म्हणून आजच्या सेवेला विषय घेतला आहे तो हाच: आपल्या अंगावरचे आणि आपल्या घरातले कापड.

कोणी म्हणेल, "बुवा, कापडाच्या गोष्टी नगरच्या कापडबाजारात कराव्यात. वारकऱ्याला त्या कशाला?" तर बाबांनो, आपल्या संतमंडळींनी आपापला धंदा सोडून भक्ती केली नाही. नामदेवराय शिंपी होते. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतल्या एका पदात त्यांनी शिंप्याची हत्यारे घेऊनच नामस्मरण सांगितले आहे. कबीर मागावर बसणारे विणकर. त्यांचे चरित्र मराठी माणसाच्या घराघरांत पोहोचविले ते महिपतिबुवांनी, आणि महिपतिबुवा म्हणजे आपल्या राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, त्यांनी 'भक्तिविजय' पुरा केला. पलीकडे अंबाजोगाईस दासोपंत होऊन गेले. त्यांनी 'पंचीकरण' लिहिले ते कागदावर नाही. अंगावर घेण्याच्या जाड्याभरड्या सुती पासोडीवर लिहिले. चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद अशी ती पासोडी आहे. पांघरुणाचाच ग्रंथ झाला! मग कापडाचा विषय आपल्याला परका कसा?

आणि नगर जिल्ह्याला तर तो मुळीच परका नाही. प्रवरेच्या काठी नेवाशास शके १२१२ मध्ये माउलींनी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. तंतू आणि पट यांचा दृष्टांत त्यांनी त्या ग्रंथात वापरला आहे. पट पाहावा तर सगळा तंतूच, आणि तंतूवाचून पट म्हणून वेगळे काहीच नाही. त्याच नेवाशास १९५४ ते ५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी डॉक्टर सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तिथे एका लहान मुलाचे दफन सापडले. त्या लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या आत दोऱ्याचा अंश टिकून राहिला होता. तो तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही निघाले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा तो दोरा! एरवी सूत मातीत कुजून जाते, पण तांब्याच्या संगतीने ते तगले. संगतीचा महिमा आपण कीर्तनात सांगतो, तो इथे मातीखाली दिसला. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या कोणी आईबापांनी ती माळ ओवली, त्यांचे नाव नाही, गाव नाही, भाषाही आपल्याला ठाऊक नाही. राहिला तो त्यांच्या मायेचा दोरा.

इथून आपल्या मुद्द्याकडे येऊ. प्रत्येक पदार्थाला त्याचा धर्म असतो. अग्नीचा धर्म ताप देणे, पाण्याचा धर्म भिजविणे. तसा वस्त्राचा धर्म कोणता? झाकणे. थंडीवाऱ्यापासून झाकणे, लाज झाकणे, लेकराला, पाहुण्याला, आजाऱ्याला झाकणे. जे वस्त्र झाकते ते आपल्या धर्माने वागले. जे वस्त्र केवळ दाखविण्यासाठी अंगावर येते किंवा पेटीत घडी होऊन पडते, त्याचा धर्म सुटला. हे एवढेच आज सांगावयाचे आहे. पण ते नुसते तोंडाने सांगून उपयोग नाही, म्हणून एकेक कापड हाती घेऊन पाहू.

पहिले सूत. कपाशीचे बोंड फुटते, सरकी निघते, रुई पिंजतात, पेळू होतो, पेळूतून सूत निघते. आपल्या शेवगाव, पाथर्डी, नेवासे भागातला शेतकरी कपाशी चांगली ओळखतो. सुती कापड घाम पिते, अंगाला हवा लागू देते, उकळत्या पाण्यात धुता येते. त्यात आणखी एक गुण आहे: सूत भिजले की अधिक बळकट होते. म्हणून धोतर, लुगडे, पंचा दगडावर आपटले तरी सोसतात. रेशीम आणि लोकर यांचे उलट आहे. ती भिजली की नरम पडतात, म्हणून ती पिळू नयेत, आपटू नयेत. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने चुबकावीत आणि सावलीत वाळवावीत. संकटात जो बळकट होतो तो सुताच्या जातीचा माणूस. प्रपंचात असेच माणूस उपयोगी पडते.

सुतातही वाण किती! मांजरपाट घ्या. जाडा, बिनधुलाईचा, रंगाने पिवळसर. त्याच्या पिशव्या होतात, उशांचे अभ्रे होतात, परकर होतो, गादीची खोळ होते. बाजारात त्याला मान नाही, पण घर त्याच्यावर चालते. मलमल पातळ. श्रीखंडाचा चक्का टांगायला, दूध गाळायला, उन्हाळ्यात डोक्याला बांधायला ती हवी. धोतर नेसायला, आणि जुने झाले की त्याची दुपटी. खणाची चोळी, इरकली लुगडे, सतरंजी, जाजम, पाल, राहुटी, सगळे सुताचेच. नऊवारी लुगड्याचा काच्या मारला की बाईमाणूस भातखाचरात उतरते, विहीर चढते, वारीत पंधरा-वीस दिवस चालते. आणि पागोटे? वाटसरूला तहान लागली, विहिरीवर दोर नाही, तर डोईचे पागोटे सोडायचे, तांब्याच्या गळ्यात बांधायचे आणि पाणी शेंदायचे. पंच्याचे तर काय सांगावे! अंग पुसा, भाकरी बांधा, डोक्यावर ओझ्याखाली चुंबळ करा, ऊन लागले तर डोईवर घ्या, झोप आली तर उशाशी घ्या. दोन हात कापड, पण कोणत्याही कामाला नाही म्हणत नाही. सेवा शिकायची तर पंच्यापाशी शिकावी.

दुसरी लोकर. आपल्या जिल्ह्यात धनगर मंडळी दख्खनी मेंढ्या राखतात. त्या मेंढीची लोकर जाडी, राठ, काळी. ती कातरतात, पिंजतात, बायका सूत काढतात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, आणि सणगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतो. काळ्या लोकरीला रंग द्यावा लागत नाही, मेंढीनेच तो दिलेला असतो. घोंगडी अंगाला टोचते खरी. पण लोकरीचा गुण असा की, ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल आत घेते आणि तरी हाताला ओलीचिंब लागत नाही. म्हणून आषाढाच्या भुरभुरीत घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली की वारकरी चालत राहतो. रात्री तीच अंथरायची, तीच पांघरायची. शेतकऱ्याने खळ्यावर तिच्यात धान्य ठेवायचे, पाहुणा आला तर तीच झटकून बसायला घालायची. पेटीत ठेवताना कडुलिंबाचा वाळला पाला घातला तर कसर लागत नाही.

लोकरीचा आणखी एक गुण आयाबायांनी ध्यानात ठेवावा. लोकर सहज पेट घेत नाही, आणि पेटली तरी जाळ दूर केल्यावर बहुधा आपोआप विझते. दिंडीत स्वयंपाक उघड्यावर चालतो. दगड मांडून चूल, वर वारा. अशा वेळी अंगावर नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे लुगडे असू नये. हा कृत्रिम धागा खनिज तेलापासून होतो. पॉलिस्टर इंग्लंडात १९४१ साली निघाले आणि पुढे टेरिलीन, टेरिकॉट या नावांनी आपल्याकडे घरोघर आले. त्याला नावे ठेवू नयेत. स्वस्त आहे, लवकर वाळते, वर्षानुवर्षे फाटत नाही. गरिबाच्या अंगावर धड कापड आले ते पुष्कळसे त्याच्यामुळेच. मुक्कामावर धुतले की निघेपर्यंत वाळते, म्हणून वारीतही त्याची सोय आहे. पण चुलीपुढे ते वैरी आहे. सूतही पेटते, पण ते वितळत नाही. हे कापड वितळते आणि कातडीला चिकटते. तेव्हा चुलीपाशी सुती नेसावे, पदर खोचून घ्यावा, आणि घोंगडी जवळ असू द्यावी. देव न करो, पण कोणाच्या कपड्याने पेट घेतला तर त्याला पळू देऊ नये, खाली पाडून लोळवावे, घोंगडी लपेटून जाळ विझवावा, आणि मग भाजलेल्या जागी पुष्कळ वेळ गार पाणी ओतत राहावे. वस्त्राचा धर्म झाकणे हा म्हटला, तो असा जीवही वाचवितो.

कापड कशाचे आहे हे ओळखता येत नसेल तर कडेचा एक दोरा काढून दूर धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते आणि हलकी राख होते. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चुरडली जाणारी काळी गाठ होते. कृत्रिम धागा वितळून आक्रसतो आणि त्याची कठीण गोळी होते. दुकानदार काहीही म्हणो, धागा खोटे बोलत नाही. माणसाचेही तसेच आहे; बोलण्यावरून नाही, ताप लागल्यावर जात कळते.

तिसरे रेशीम. देवाला पीतांबर, पूजेला सोवळे, लग्नात शालू, आणि शेजारच्या येवल्याची, पैठणची पैठणी. रेशमाची झळाळी वर्णावी तेवढी थोडी. पण ते येते कोठून, हेही वारकऱ्याने जाणावे. किडा आपल्या तोंडातून लाळेसारखा धागा काढतो आणि स्वतःभोवती कोश विणतो. एका कोशात पाऊण-एक किलोमीटरपर्यंत अखंड धागा निघतो. तो न तुटता मिळावा म्हणून कोश वाफेत नाहीतर उकळत्या पाण्यात घालतात, आणि आत किडा असतो. किलोभर रेशमाला असे हजारो कोश लागतात. आपण माळ घातली म्हणून ताटात हिंसा येऊ देत नाही, तर अंगावर येते तिचा विचार करू नये काय? सोवळ्याला रेशीमच पाहिजे असा हट्ट धरण्याचे कारण नाही. स्वच्छ धुतलेले, कोणी न शिवलेले सुती धोतरही सोवळेच आहे. ज्यांच्या घरी आजी-आईचे रेशमी वस्त्र आहे त्यांनी ते जपून पिढ्यान्‌पिढ्या वापरावे. आधीच झालेल्या जीवहत्येचे तेवढे तरी सार्थक होईल. एक वस्त्र तीन पिढ्या टिकविले तर दोन वस्त्रांचे किडे वाचले, हा हिशेब सोपा आहे.

असो. आतापर्यंत कापड पाहिले, आता हात पाहू. एक लुगडे आपल्या घरी येते ते किती हातांतून? शेतकरी, पिंजारी, सूत काढणारी बाई, साळी, कोष्टी, पद्मशाली, रंगारी, शिंपी, आणि मळल्यावर परीट. नगर शहर, भिंगार, संगमनेर ही हातमागाची जुनी गावे. १८८४ साली सरकारने छापलेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरात इथल्या लुगड्यांची आणि पागोट्यांची हकीकत आहे. तेलंगणातून आलेली पद्मशाली मंडळी मार्कंडेय ऋषींना आपले कुलपुरुष मानतात; मागाच्या ठेक्यावर त्यांच्या पिढ्या वाढल्या. आणि जिच्या नावाने आज आपला जिल्हा ओळखला जातो ती अहिल्यामाता १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीस धनगराच्या घरी जन्मली. घोंगडीच्या घरची ती लेक. पुढे महेश्वरास राज्य करू लागली तेव्हा तिने विणकर बोलावून आणले, त्यांना वसविले, मागांना काम दिले. महेश्वरी लुगड्याचे नाव आज देशभर आहे ते त्या पायावर. देवळे आणि घाट तिने बांधले हे सगळे सांगतात. पण विणकराच्या चुलीवर भात शिजावा म्हणून केलेली व्यवस्था हेही देवकार्यच होते.

त्या हातांची आजची स्थिती काय? यंत्रमाग आले, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे कापड स्वस्त मिळू लागले. काही वाण हातमागासाठी राखून ठेवण्याचा कायदा केंद्र सरकारने १९८५ साली केला, तरी माग थांबायचे ते थांबतच गेले. नगरात ज्या गल्ल्यांत दिवसभर धोट्याचा आवाज होता तिथे आता तो शोधावा लागतो. घोंगडीची तऱ्हा तीच. दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक नाही, मेंढी कातरल्यावर लोकर कित्येक ठिकाणी टाकून द्यावी लागते. आणि त्याच वाड्यावस्त्यांवरून आषाढात दिंड्या जातात. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून राहुरी, नगर, मिरजगाव, कर्जत अशी आपल्या जिल्ह्यातून पंढरीस जाते. त्या वाटेवर पाहावे तर खांद्यावर घोंगडी असलेला वारकरी दर साली कमी, आणि प्लास्टिकचे कागद जास्त. कागद पाऊस अडवितो हे खरे, पण तो अंथरता येत नाही, रात्री ऊब देत नाही, आणि पंढरीहून परतताना रस्त्याच्या कडेला पडून राहतो.

आता जी गोष्ट बोलावयाची ती थोडी अवघड आहे, पण आपल्याच मंडळीत बोलली पाहिजे. सप्ताह होतो, काल्याचे कीर्तन होते, आणि मग सत्कार. शाल आणि श्रीफळ. कीर्तनकाराला शाल, मृदंगाचार्याला शाल, चोपदाराला, विणेकऱ्याला, अन्नदात्याला, गावातल्या पाच पुढाऱ्यांना शाल. ती शाल कशी असते? पातळ, चकाकणारी, कृत्रिम धाग्याची. थंडीत ऊब नाही, उन्हात घाम पीत नाही, अंथरायला निसरडी. घेणाऱ्याच्या पेटीत ती जाते आणि तिथून दुसऱ्याच्या सत्काराला निघते. अशी एकच शाल किती खांद्यांवरून फिरते कोण जाणे! आणि त्याच मंडपाच्या कडेला, भिंतीला टेकून, एखादी म्हातारी पदरात पाय घेऊन रात्र काढते. मांडवात शंभर शाली आणि तिला एक पांघरूण नाही. सज्जनहो, यात शालीचा दोष नाही, देणाराचा भावही खोटा नाही. फक्त वस्त्र आपल्या धर्मापासून सुटले आहे. झाकायला निर्माण झालेली वस्तू दाखवायला लावली आहे.

कबीरांची गोष्ट परंपरेने सांगतात. मागावरून ठाण उतरले, ते घेऊन कबीर बाजाराला निघाले. ते विकले तर घरी दाणे येणार. वाटेत एक उघडा माणूस भेटला, म्हणाला, वस्त्र द्या. कबीर अर्धे फाडून देऊ लागले. तो म्हणाला, अर्ध्याने माझे भागत नाही. कबीरांनी सगळे ठाण दिले आणि रिकाम्या हाताने घरी कसे जावे म्हणून लपून बसले. तोवर इकडे देवाने घरी धान्य पोहोचविले. आपण ही गोष्ट ऐकतो आणि देवाने धान्य दिले तिथे टाळ्या वाजवितो. खरी गोष्ट त्याच्या आधी आहे. कबीरांनी जे दिले ते ताजे, कोरे, विकण्याजोगे होते. चिंधी त्यांनी दिली नाही. आपण देतो ते काय देतो? पूर आला, दुष्काळ पडला की कपडे गोळा होतात. त्या गठ्ठ्यांत फाटका सदरा असतो, बटणे नसलेला झगा असतो, मळके लुगडे असते. घर रिकामे करण्याला आपण दान म्हणतो. ज्या कपड्यात आपल्याला दारात उभे राहायची लाज वाटते, तो कपडा दुसऱ्याची लाज कशी झाकणार? द्यायचे असेल तर धुऊन द्यावे, उसवलेले टाचून द्यावे, बटण लावून द्यावे, घडी करून दोन्ही हातांनी द्यावे.

मग फाटक्याचे काय करावे? ते आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. त्याची गोधडी करावी. जुने लुगडे वर, जुने धोतर खाली, मध्ये सदऱ्यांचे, झग्यांचे, पोलक्यांचे तुकडे, आणि चारी बाजूंनी दोऱ्याचे धावते टाके. त्यात सुती असते, खणाचा तुकडा असतो, लग्नातल्या शालूची कड असते, मेलेल्या बापाच्या धोतराचा पट्टा असतो. गरीब-श्रीमंत, नवे-जुने, तांबडे-काळे सगळे एका दोऱ्यात. दोरा बारीक, पण तो नसेल तर सगळ्या चिंध्या. आपली दिंडी याहून वेगळी काय आहे? कुंभार, माळी, शिंपी, न्हावी, सोनार, महार, ब्राह्मण अशा सगळ्यांना आपल्या संतांनी नामाच्या एका दोऱ्यात टाचले. गाडगेबाबा अंगावर चिंध्यांचे ठिगळ लावलेले कपडे घालीत, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्यांच्या अंगावर चिंध्या, आणि त्यांच्या हाताने पंढरपुरात, नाशकात, आळंदीत गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५६ साली ते गेले. स्वतःसाठी त्यांनी घोंगडीएवढी जागा ठेवली नाही, आणि हजारोंना निवारा देऊन गेले.

आणखी एक गोष्ट पाहा. आपल्याकडे मूल जन्मले की पहिल्या दिवसांत त्याला कोरे कापड घालीत नाहीत. आजीच्या लुगड्याचे, आजोबांच्या धोतराचे मऊ झालेले दुपटे, जुन्यातली कुंची. शेकडो धुण्यांनी त्या कापडाची खळ गेलेली असते, राठपणा गेलेला असतो, म्हणून ते लेकराच्या नाजूक अंगाला सोसते. आणि माणूस गेला म्हणजे? तेव्हा कोरे मांजरपाट आणतात. रावाला तेच, रंकाला तेच. त्याला काठ नाही, पदर नाही, खिसा नाही. म्हणजे आपण येतो ते दुसऱ्याने वापरून मऊ केलेल्यात, आणि जातो ते कोऱ्यात. मधली साठ-सत्तर वर्षे आपण नव्यामागे धावतो. ज्याला हे कळले त्याची हाव आपोआप कमी होते. स्वतः वापरून मऊ केलेले एखादे वस्त्र पुढच्या लेकरासाठी ठेवून जावे, एवढे जरी साधले तरी जन्माचे वस्त्र धर्माला लागले म्हणावे.

म्हणून, मायबापहो, मागणे थोडके आहे. पुढच्या आषाढीच्या आत घरातली पेटी एकदा उघडा. जे वस्त्र दोन वर्षांत अंगाला लागले नाही ते बाहेर काढा. चांगले असेल ते धुऊन, टाचून, ज्याला उपयोग आहे त्याला द्या. फाटले असेल त्याची गोधडी करा, आणि घरात गोधडी घालणारी म्हातारी असेल तर सुनेने तिच्यापाशी बसून टाका शिकून घ्या. ती विद्या तिच्याबरोबर जाऊ देऊ नका. सप्ताहाच्या कमिटीने ठराव करावा की, आमच्या गावात सत्काराला चकाकती शाल नाही. द्यायचेच तर सणगराच्या हातची घोंगडी, हातमागाचा पंचा किंवा सुती चादर द्यावी. पन्नास शालींऐवजी पाच घोंगड्या द्या, पण अशा द्या की ज्याला दिली तो ती पांघरून झोपेल. त्यात सत्कार होईल, विणकराच्या घरी चूल पेटेल, मेंढपाळाच्या लोकरीला मोल येईल. आणि घेणाऱ्या कीर्तनकारांनीही, आपल्या पेटीत ऐवज वाढू लागला की, ज्या मुक्कामी थंडी अधिक त्या मुक्कामी तो उघडावा. देणारा नमस्कार करतो तो आपल्याला नाही, आपल्या मुखातून निघालेल्या नामाला करतो. मग नामाला मिळालेले वस्त्र नामधारकाच्या अंगावर गेले तर त्यात आपले काय गेले?

मागावर धोटा असा जातो आणि असा येतो. जाताना एक आडवा धागा टाकतो, येताना एक. उभे धागे मात्र जागचे हलत नाहीत. आपली वारी त्या धोट्यासारखी आहे. आषाढीला जाणे, कार्तिकीला जाणे, परत येणे, एकेक धागा पडत राहतो. विटेवर उभा आहे तो उभाच आहे. एका फेरीत कापड होत नाही, पण एकही फेरी वाया जात नाही. आयुष्यभर हा पट विणला गेला, तर शेवटी तो कोणाला तरी झाकण्याएवढा व्हावा, एवढीच पांडुरंगचरणी प्रार्थना.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!